छातीच्या संसर्गातून उठताना व्यायामात होणाऱ्या या चुका टाळा

ताप जाऊन चार दिवस झालेले असतात, भूक परतलेली असते आणि एका सकाळी अंग एकदम हलकं वाटतं. घोटाळा नेमका त्याच दिवशी होतो. साचलेली कामं उरकली जातात, जिने चढले जातात, आजारापूर्वीचा नेहमीचा फेरफटकाही होतो. संध्याकाळपर्यंत काही जाणवत नाही, पण एक-दोन दिवसांनी अंथरुणातून उठवत नाही. श्रमाचा फटका असा उशिरा बसतो, म्हणून त्याचा संबंध परवाच्या जिन्याशी कोणी जोडत नाही. न्यूमोनियानंतर मी हा फेरा तीनदा केला. मग कळलं की आजचं चालणं झेपलं का, हे आज कळतच नाही.

म्हणून एक छोटी वही ठेवा. किती मिनिटं चाललात, धाप किती लागली आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर कसं वाटलं, एवढंच लिहा. जेवढं चालणं सलग तीन-चार दिवस त्रासाविना झालं, त्यात एक-दोन मिनिटांचीच भर घाला. बरं वाटणाऱ्या दिवशीसुद्धा ठरलेल्यापेक्षा जास्त नाही. मला सगळ्यात जड हेच गेलं. मात्र किरकोळ श्रमानंतरही पुन्हा पुन्हा आडवं व्हावं लागत असेल, तर वाढवणं थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. अशा थकव्यात नेट लावला की तो आणखी बळावतो.

धाप किती, हे अंदाजाने सोडू नका. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ० ते १० ची मोजपट्टी यासाठी जगभर वापरतात: ० म्हणजे धाप अजिबात नाही, ३ म्हणजे मध्यम, १० म्हणजे सहन होणार नाही इतकी. सुरुवातीला ३ च्या पुढे जाऊ नका. आकडा सुचत नसेल तर चालता चालता बोलून पाहा. वाक्य मध्येच तोडावं लागलं तर वेग कमी करा.

धाप लागल्यावर काय चुकतं

घाबरून आपण भराभर, उथळ श्वास घेऊ लागतो, आणि त्याने हवा कमीच मिळते. शांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत जाते, पण त्यातली सुमारे १५० श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. श्वास जितका उथळ, तितका हा वाया जाणारा वाटा मोठा.

अशा वेळी सपाट झोपू नका. खुर्चीत पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर टेकवा. हातांना आधार मिळाला की खांद्यांचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. नाकाने श्वास घ्या आणि मेणबत्तीची ज्योत विझू न देता नुसती हलवायची आहे, अशा बेताने ओठांचा चंबू करून हळू सोडा. सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ लागू द्या.

दीर्घ श्वासाचा अतिरेकही नको. लागोपाठ जोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. प्राणवायू कमी पडला असं वाटून माणूस आणखी जोर लावतो आणि त्रास वाढतो. तीन-चार श्वास झाले की थोडं थांबा. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखण्याचे प्रकार या काळात बाजूला ठेवा. किती सेकंद श्वास रोखता येतो, यावरून फुप्फुसं बरी झाली असंही ठरत नाही.

तीन चेंडूंचं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं साधन, घरी आणणारे बरेच जण त्यात फुंकतात. ते ओढायचं असतं. तेही तिन्ही चेंडू झटक्यात वर उडवण्यासाठी नव्हे. सावकाश ओढत पहिला चेंडू वर टिकवून धरणं जास्त उपयोगाचं. नंतर खोकला आला तर दाबू नका, कफ बाहेर येऊ द्या.

रक्तातला प्राणवायू मोजणारं ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावं, नखाला रंग नसावा. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. शिवाय फक्त बसून मोजणं पुरेसं नाही. चालल्यानंतर आकडा ३ किंवा अधिक अंकांनी घसरला तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

ताप असताना व्यायाम करूच नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. छातीत दुखणं, धडधड, भोवळ, ओठ निळसर होणं किंवा बसूनही न थांबणारी धाप यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

घाई मात्र कशाचीच नको. न्यूमोनियानंतर खोकला आणि धाप बरीच कमी व्हायला सहा आठवडे जातात. तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी गेल्या तरी थकवा मागे राहू शकतो, आणि पूर्ववत व्हायला सहा महिनेही लागू शकतात. वहीत मागची पानं उलटून पाहिली की दोन मिनिटांपासून कुठवर आलो ते दिसतं.