छाटणी झाली, आता द्राक्षवेलीचे डोळे जपा
आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणी झाली की काड्या बागेबाहेर काढतो आणि खोड-ओलांड्यांवर (ओलांडा म्हणजे खोडाची आडवी पसरलेली फांदी) 1 टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मारतो: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, प्लास्टिकच्या ड्रममध्येच. तयार द्रावणात लोखंडी विळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

डोळे, म्हणजे काडीवरच्या कोंब फुटायच्या जागा, फुगले की उडद्या किडीची धास्ती. हा भुंगेरा सुट्या सालीखाली लपतो, डोळा कोरतो. कोरलेला डोळा म्हणजे गेलेला घड! म्हणून साल आधीच काढा. एका वर्षी मी ते टाळलं, दोन ओळी बोडक्या राहिल्या. अजून जीव हळहळतो.

पानं फुटल्यावर पाऊस झाला तर डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या तेलकट डागांची वाट बघू नका, फवारणी आधीच हवी.