बेळगावच्या लहान कारखानदाराने सरकारी ऑर्डर कुठल्या पोर्टलवर शोधावी?

बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबागेत किंवा मच्छेत, नवीन युनिट टाकलेली मुलं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. जॉबवर्कवर किती दिवस काढायचे, सरकारी ऑर्डर हवी तर कुठल्या साइटवर रजिस्ट्रेशन करू? आमच्या फौंड्रीचं आणि मशीन शॉपचं टेंडरचं काम मी बघतो, म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: तुमचा माल कोण घेतं ते आधी सांगा, साइटचं मग बोलू.

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. बेळगाव महापालिका, हेस्कॉम ही वीज कंपनी, जिल्हा पंचायत ही कर्नाटकाची गिऱ्हाइकं. त्याच शहरात कॅम्पातलं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर केंद्राचं. नैर्ऋत्य रेल्वेचं मुख्यालय हुबळीला, तिची खरेदी तिसऱ्याच ठिकाणी चालते. आणि चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे वळलात की महाराष्ट्राचे नियम लागू. एवढी वेगवेगळी सरकारी गिऱ्हाइकं इतक्या जवळ असणं ही सीमाभागातल्या कारखानदाराची मोठी सोय आहे. पण सगळीकडे एकदम नोंदणी करून बसणारा माणूस महिन्याभरात कंटाळतो. एक गिऱ्हाईक धरा, त्याचं पोर्टल नीट शिका, मग पुढच्याकडे जा.

बहुतेकांनी सुरुवात जेमपासून, म्हणजे केंद्राच्या गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेसपासून करावी. हे पोर्टल 2016 साली सुरू झालं. जो माल जेमवर मिळतो तो केंद्राच्या खात्यांनी तिथूनच घ्यायचा, असं 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत आहे. नोंदणीला फी नाही. लोखंडी कपाटं, खाटा, रॅक असा तयार माल करणाऱ्याला हे पोर्टल लगेच जमतं: कॅटेगरी निवडायची, फोटो आणि माप टाकायचं, दर लावायचा.

बेळगावची खरी ताकद मात्र ड्रॉइंगप्रमाणे कास्टिंग आणि मशिनिंग करून देण्यात आहे, आणि नवीन माणूस नेमका इथंच अडतो. तो कॅटेगरीत आपला पार्ट शोधतो, सापडत नाही, आणि जेमवर आपलं काही नाही असं ठरवून मोकळा होतो. ड्रॉइंगचा माल कॅटेगरीत कसा बसणार? असा माल खातं बहुतेक वेळा कस्टम बिड (आपल्या गरजेप्रमाणे काढलेलं टेंडर) किंवा बीओक्यू बिड (मालाची आणि नगांची यादी जोडलेलं टेंडर) काढून मागवतं. तो शोधायला बिडच्या यादीतला अ‍ॅडव्हान्स सर्च वापरायचा. त्याला लॉगिनही लागत नाही. खात्याप्रमाणे, माल पोचवायच्या गावाप्रमाणे आणि बीओक्यूच्या शीर्षकाप्रमाणे शोधता येतं.

मी शीर्षकाच्या रकान्यात शब्द बदलत जातो: कास्टिंग, सी. आय., इम्पेलर, बुश, हाउसिंग, फ्लँज. एकाच वस्तूला एका ऑफिसात इम्पेलर म्हणतात, दुसऱ्यात पंप स्पेअर, तिसऱ्यात नुसतं मशिनरी पार्ट. आपल्या मालाची अशी जेवढी नावं सुचतील तेवढी एका वहीत लिहून काढा, स्पेलिंगच्या चुकांसकट. ही वही पुढे प्रत्येक पोर्टलवर कामाला येते आणि कुठल्याही विकतच्या सेवेपेक्षा जास्त देते.

बिड सापडलं की दर काढायला बसू नका. पीडीएफच्या पहिल्या पानांवर एक तक्ता असतो, तो ओळीने वाचा. बिड कधी बंद होतं, किती वर्षांचा अनुभव मागितलाय, उलाढाल किती हवी, आणि लघुउद्योगांना अनुभव-उलाढालीत सवलत आहे की नाही. या शेवटच्या ओळीसमोर 'यस' असेल तर नवीन युनिटला दार उघडं आहे. 'नो' असेल आणि तुमची उलाढाल बसत नसेल, तर तिथंच थांबा. त्याखाली ईएमडी (टेंडर भरताना ठेवायची बयाण्याची रक्कम), परफॉर्मन्स गॅरंटी (ऑर्डर मिळाल्यावर द्यायची हमी) आणि माल कुठे पोचवायचा ते असतं. बऱ्याच जणांचा दर वाहतुकीत बुडतो, कारण हा शेवटचा पत्ता कुणी बघत नाही. बिड दिल्लीच्या ऑफिसने काढलेलं असतं आणि माल उतरवायचा असतो आसामात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्राकडे करायची नोंदणी, याआधी झालेली हवी. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे आणि पूर्ण फुकट आहे. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट भरपूर आहेत. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' बघूनच पुढे जा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान 25 टक्के आपल्यासारख्यांकडून करायची असते. त्यात 3 टक्के महिला उद्योजकांसाठी आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी. ईएमडी माफ होते. तुमचा दर एल-वनच्या, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याच्या, 15 टक्क्यांच्या आत असेल आणि एल-वन स्वतः लघुउद्योग नसेल, तर त्याच्या दरावर येऊन मालाचा काही भाग तुम्ही देऊ शकता. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: हा फायदा माल बनवणाऱ्याला आहे, ट्रेडिंग करणाऱ्याला नाही, आणि हे धोरण केंद्राचं आहे, राज्याच्या टेंडरात ते गृहीत धरू नका.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम. पहिला दर भरण्याआधी बंद झालेली टेंडरं वाचा. सीपीपीपी, म्हणजे केंद्राचं ई-प्रोक्युअर पोर्टल, आणि महाराष्ट्राचं महाटेंडर्स ही दोन्ही एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या एकाच प्रणालीवर चालतात. तिथं टेंडर स्टेटसमध्ये गेलात की किती जणांनी भरलं, तांत्रिक लिफाफ्यात कोण बाद झालं, कुणाला का नाकारलं, आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यांच्या दरांचा तुलनात्मक तक्तासुद्धा बघायला मिळतो. जेमवरही निकाल दिसतो. आपल्या मालाची जुनी टेंडरं महिनाभर रोज संध्याकाळी वाचली तर बाजाराचा दर कळतो, नेहमीचे पुरवठादार कळतात, आणि मुख्य म्हणजे हे गिऱ्हाईक आपल्याला परवडणारं आहे का ते कळतं. एखाद्या ठिकाणी एल-वनचा दर तुमच्या पिग आयर्न, स्क्रॅप आणि विजेच्या खर्चाच्याही खाली असेल, तर त्या पोर्टलवर वेळ घालवू नका. हे वाचायला एक रुपया लागत नाही.

पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह, मॅनहोलची झाकणं असा माल करणाऱ्यांनी केपीपीपी, म्हणजे कर्नाटक सरकारचं खरेदीचं पोर्टल, शिकावं. कर्नाटकातली खरेदी 1999 च्या पारदर्शकता कायद्याखाली चालते आणि राज्याची खाती या पोर्टलवर टेंडर काढतात. इथं टेंडरची फी आणि ईएमडी पोर्टलमधूनच भरायची असते, त्यामुळे शेवटच्या दिवशी बँकेचं काही अडलं तर उपाय राहत नाही. काही जोडपत्रं कन्नडमध्ये असतात. ज्यांचं शिक्षण मराठी शाळेत झालं त्यांनी अटींचं पान कन्नड चांगलं वाचणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून समजून घ्यावं. अंदाजाने सही करू नये. या मालात मानकांचे आकडे कटाक्षाने बघितले जातात: मॅनहोलच्या झाकणाला आयएस 1726, स्लुइस व्हॉल्व्हला आयएस 14846. बऱ्याच टेंडरांत नुसता टेस्ट रिपोर्ट चालत नाही, आयएसआयचं लायसन्सच मागतात. ते नसेल तर आधी लायसन्सच्या मागे लागा, पोर्टल नंतर.

महाटेंडर्सवर कर्नाटकातल्या पुरवठादाराला माल द्यायला साधारण आडकाठी नसते. तुमचा जीएसटी क्रमांक कर्नाटकाच्या 29 ने सुरू होतो, गिऱ्हाइकाचा महाराष्ट्राच्या 27 ने. म्हणजे बिलावर आयजीएसटी, दोन राज्यांतल्या व्यवहाराचा जीएसटी, लागेल, दर भरताना ते ध्यानात असू द्या. राज्यातल्याच उद्योगांना सवलत असेल तर ती तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. बांधकामाच्या कामांना मात्र त्या राज्याची ठेकेदार नोंदणी लागते, तिथं नुसत्या माल पुरवठ्याचा हिशेब चालत नाही.

रेल्वेचं खरेदीचं पोर्टल, आयआरईपीएस, वेगळं जग आहे. मालाला पी. एल. नंबर, म्हणजे रेल्वेने त्या वस्तूला दिलेला क्रमांक, आणि ड्रॉइंग नंबर असतो. सुरक्षेशी संबंधित भाग मंजूर पुरवठादारांकडूनच मोठ्या प्रमाणात घेतले जातात. नवीन माणसाने आधी मंजुरी न लागणाऱ्या वस्तू शोधाव्यात. मोबाईलवर ओटीपी घेऊन टेंडर बघता येतात. चिकाटी असेल तर हे गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं.

पैसे घेऊन रोज टेंडरच्या सूचना पाठवणाऱ्या खासगी सेवांबद्दल सगळे विचारतात. तुमचा माल चार-पाच राज्यांत, वेगवेगळ्या कंपन्यांत जातो, तर त्यांचा उपयोग आहे, वेळ वाचतो. पण गिऱ्हाईक बेळगाव, हुबळी आणि कोल्हापूर एवढंच असेल तर हीच टेंडरं सरकारी पोर्टलवर फुकट दिसतात. शिवाय शुद्धिपत्रकं या सूचनांत उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत, आणि तारीख किंवा बीओक्यू बदलला की जुन्या फाइलवर भरलेला दर वाया जातो. म्हणून सूचना कुठूनही येवो, भरण्याच्या आदल्या दिवशी मूळ पोर्टल उघडून बघाच.

डिजिटल सही, म्हणजे क्लास थ्री डीएससी, सही आणि एन्क्रिप्शन दोन्हीची घ्या. तो टोकन आणि त्याचा पिन कुणाही एजंटाच्या हाती देऊ नका. टेंडर भरून देतो म्हणणारे बरेच भेटतील, त्यातले काही चांगलेही असतात. पण त्या टोकनवर झालेली प्रत्येक सही कायद्याने तुमची आहे. त्यांना तुमच्या ऑफिसात बोलवा, शेजारी बसा, पिन स्वतः टाका.

माल गेल्यावरची गोष्टही पोर्टल निवडताना धरा. जेमवर माल स्वीकारल्याचा दाखला ऑनलाइन निघतो आणि त्यानंतर 10 दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. काही ऑफिसं तो पाळतात, काही पाळत नाहीत. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे कमाल मुदत 45 दिवस आहे, त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते, आणि ती पुरवठादार जिथला आहे तिथल्या, लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या परिषदेपुढे चालते. म्हणजे गिऱ्हाईक कोल्हापूरचं असलं तरी बेळगावच्या माणसाला कर्नाटकातच दाद मागता येते. त्यासाठी उद्यमची तारीख ऑर्डरच्या आधीची हवी, आणि माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच, स्वीकृतीचा कागद आणि बिल दिल्याचा पुरावा हे तिन्ही एकाच फाइलला लावलेले हवेत.