असल्यास, त्याचा तपशील काय?

संसदेत विचारायच्या माझ्या पहिल्या प्रश्नाचा मसुदा आमच्या खासदार साहेबांनी वाचला, पेन्सिलीने एक ओळ अधोरेखित केली आणि कागद परत दिला. ओळ होती, 'शेजारी देशांतील मानवाधिकारांच्या उल्लंघनाबाबत सरकारचे धोरण काय आहे?' ते म्हणाले, "याला चार ओळींचं उत्तर येईल. सरकार मानवाधिकारांचा आदर करतं, सर्व देशांशी संवाद चालू आहे. मग तुझ्या हातात काय उरलं?"

राज्यशास्त्रात एम. ए. करून मी २०२४ मध्ये दिल्लीत एका लोकसभा सदस्यांच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून लागलो. परराष्ट्र व्यवहार आणि मानवाधिकार हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे त्या मंत्रालयाचे प्रश्न माझ्याकडे आले. या कामात येऊ पाहणारी बरीच मराठी मुलं-मुली मला विचारत असतात, म्हणून हे लिहितोय.

आधी वाट सांगतो. कुठल्याही शाखेच्या पदवीधराला 'पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च' या संशोधन संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप, म्हणजे खासदाराचा साहाय्यक म्हणून काम करण्याची संधी, खुली आहे. ती २०१० पासून चालू आहे, वयाची अट २५ वर्षांची आहे, आणि पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत तुम्ही एकाच खासदाराबरोबर काम करता. ती मिळाली नाही तर थेट खासदारांच्या कार्यालयात अर्ज करा. अर्जाबरोबर स्वतः तयार केलेले दोन प्रश्न जोडा. प्रमाणपत्रांपेक्षा ते जास्त बारकाईने वाचले जातात.

आता प्रश्नाचं यंत्र समजून घ्या. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. एका सदस्याला एका दिवसासाठी जास्तीत जास्त पाच सूचना देता येतात. सदस्यांचा क्रम सोडतीने ठरतो. रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताचं उत्तर मंत्री तोंडी देतात आणि सदस्याला दोन पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं लेखी उत्तर पटलावर ठेवलं जातं. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो. मी काम करत होतो तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाचा लोकसभेतला वार शुक्रवार होता आणि राज्यसभेतला गुरुवार. सभागृह पहिल्या दहा मिनिटांत तहकूब झालं तर तारांकित प्रश्नांचीही उत्तरं लेखीच हाती येतात आणि पुरवणीची संधी जाते. म्हणून प्रश्न असा लिहा, की पुरवणीशिवायही त्याच्या उत्तरातून काही मिळेल.

लोकसभेच्या कामकाज नियमांतला नियम ४१ छापून टेबलासमोर लावा. प्रश्न साधारणतः १५० शब्दांपेक्षा मोठा नको, त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप नकोत, मत विचारायचं नाही, आणि उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही एवढं मोठं धोरण विचारायचं नाही. माझा पहिला मसुदा या शेवटच्या अटीवर पडला असता. आणखी एक अट आहे : मैत्री असलेल्या परदेशाचा उल्लेख असभ्यपणे करायचा नाही. नवीन माणसाला वाटतं, इथेच मानवाधिकारांचं दार बंद झालं. मला तसं वाटत नाही. या अटीमुळे आपण दुसऱ्या देशावर भाषण करायचं थांबतो आणि आपल्याच सरकारकडे वळतो. भारताचा परराष्ट्रमंत्री दुसऱ्या देशाच्या तुरुंगाबद्दल संसदेला जबाबदार नाही, पण त्या तुरुंगाबाबत आपण कधी आणि किती पत्रं पाठवली, याबद्दल तो नक्कीच जबाबदार आहे.

श्रीलंकेचं उदाहरण घ्या. 'तमिळांवरच्या अन्यायाबाबत भारत गप्प का?' हा भाषणातला प्रश्न झाला. याच्या मागे नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेवरच्या ठरावाला भारताने २०१२ आणि २०१३ मध्ये पाठिंबा दिला, २०१४ मध्ये तो तटस्थ राहिला आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा तटस्थ राहिला. प्रश्न इथून सुरू करा : या मतदानांच्या दरम्यान प्रांतांना अधिकार देणाऱ्या श्रीलंकेच्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या अंमलबजावणीबाबत भारताने कोणकोणत्या बैठकींत विषय काढला, त्यांच्या तारखा काय, मिळालेल्या प्रतिसादाचा तपशील काय. हाच प्रश्न आता तपासता येतो.

हे मला कागदावरून कळलं होतं, पण खरं समजलं ते तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर. पालघर जिल्ह्यातले कितीतरी आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. समुद्रात सीमेची रेघ दिसत नाही. बोट पकडली जाते आणि तांडेलापासून नवख्या खलाशापर्यंत सगळे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. ज्या बाईंना मी भेटलो त्यांच्या नवऱ्याची बोट दोन वर्षांपूर्वी पकडली गेली होती. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून साडीच्या दुकानाची पिशवी काढली. आत रेशनकार्ड, आधारकार्डाची झेरॉक्स आणि तुरुंगातून आलेलं एक पत्र, घडीवर घडी घालून मऊ पडलेलं. पत्रावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव यांत एका काना-मात्रेचा फरक होता. बोटीच्या मालकाचा फोन पहिल्या महिन्यानंतर आला नव्हता. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "शिक्षा संपली असं सांगतात. मग आता तो कशाची शिक्षा भोगतोय?"

परतीच्या गाडीत मी वही काढली. मे २००८ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात कैद्यांना वकिलातीची भेट मिळण्याबाबत करार झाला. त्यानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा पूर्ण झाली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झालं, की एका महिन्यात सुटका व्हावी असं कलमच त्यात आहे. १ जुलै २०२४ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात ४३ नागरी कैदी आणि २११ मच्छीमार होते, भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे. त्या दिवशी भारताने ज्यांची सुटका लवकर करा असं सांगितलं, त्या शिक्षा संपलेल्यांचा आकडा होता १८५. भारताच्या ताब्यातही त्या दिवशी ३६६ नागरी कैदी आणि ८६ मच्छीमार होते. हा आकडा आपल्या टिपणात ठेवायला विसरू नका. पलीकडच्या किनाऱ्यावरही अशीच पिशवी सांभाळणारी कुणीतरी बसलेली असते.

त्या रात्री लिहिलेला मसुदा असा होता. परराष्ट्र व्यवहार मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय : (क) १ जुलैच्या यादीतील किती मच्छीमारांची शिक्षा पूर्ण झाली आहे, (ख) त्यांपैकी किती जणांचे राष्ट्रीयत्व निश्चित झाल्याचे भारताने पाकिस्तानला कळवले आणि कोणत्या तारखांना, (ग) कळवले नसल्यास, विलंबाची कारणे काय, (घ) दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती ऑक्टोबर २०१३ नंतर तुरुंगांना भेट देऊ शकलेली नाही, तिच्या पुनरुज्जीवनासाठी काय केले, (ङ) राज्यनिहाय संख्या, महाराष्ट्रासह.

साहेबांनी (ख) वर बोट ठेवलं. "हा तुझा प्रश्न. बाकीचे त्याचे सोबती." सोडतीत तो तारांकित झाला नाही, अतारांकित म्हणून गेला.

उत्तर वाचण्याचंही एक शिक्षण आहे. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संसदेतली जुनी प्रश्नोत्तरं आहेत. एकाच विषयाची पाच वर्षांची उत्तरं शेजारीशेजारी ठेवा आणि कुठला शब्द बदलला ते बघा. तारीख विचारली असताना 'वेळोवेळी' आलं, तर पुढच्या अधिवेशनातला प्रश्न तिथेच आहे. 'माहिती गोळा केली जात आहे' असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण व्हावं लागतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासन समिती आहे. बहुतेक नवे साहाय्यक इथवर येतच नाहीत. लेखी उत्तर आलं की फाइल बंद करतात.

वाचनाचं म्हणाल तर लोकसभेच्या जुन्या चर्चा वाचा. राजापूरचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून लोकसभेत होते. कोकणातून गेलेला विरोधी पक्षाचा खासदार परराष्ट्र धोरणावर पूर्ण अधिकाराने बोलू शकतो, हे त्यांची भाषणं वाचताना दिसतं. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, ऑगस्टमध्ये ईशान्य सीमेवरच्या लोंगजूला चिनी सैन्याशी चकमक झाली, सदस्यांनी सरकारला सोडलं नाही, आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान नेहरूंना चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेपुढे ठेवावी लागली. सरकारी पत्रव्यवहार त्यामुळे लोकांसमोर आला. मला तो सगळा काळ आजही उभारी देतो.

पुढची यादी १ जानेवारी २०२५ ला आली. मच्छीमार २१७. सकाळी अकराला पाड्यावरून फोन आला, नाव आहे का विचारायला. जाहीर निवेदनात फक्त आकडे असतात, नावं नसतात, हे मी त्यांना सांगितलं. मग आधारवरचं आडनाव पुन्हा एकदा अक्षर अक्षर विचारून घेतलं, साहेबांच्या सहीच्या पत्रात लिहिलं, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी (ख) पुन्हा टाइप करायला घेतला.