चारचौघांत चेहरा लाल होतो? लपवाछपवीतून बाहेर कसं यावं

मीटिंगमध्ये साहेबांनी अचानक नाव घेतलं, किंवा लग्नात दूरच्या मावशीनं पंगतीतूनच "मग, सध्या काय करून राहिली तू?" असं मोठ्यानं विचारलं, की काही जणांचे कान आणि गाल क्षणात तापतात. समोरच्यानं "काय बे, टमाटर झाला ना तू!" म्हटलं की उरलंसुरलं तोंडही लाल होतं. शाळेत असं झालं तर लोक हसून सोडून देतात. पस्तिशीत, हाताखाली चार माणसं असताना झालं, की माणूस बोलण्याचे प्रसंगच टाळायला लागतो.

चेहरा लाल होणं मुद्दाम थांबवता येत नाही. छाती धडधडवणारी, तळहाताला घाम आणणारी जी यंत्रणा आहे, तीच चेहऱ्याच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करते आणि ती आपलं ऐकत नाही. चार्ल्स डार्विननं १८७२ मध्ये या विषयावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. लोक आपल्याबद्दल काय विचार करत असतील या विचारानंच माणूस लाजेनं लाल होतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे "आता लाल व्हायचं नाही" अशी स्वतःला तंबी दिली की नेमकं उलट होतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत लाली घालवण्याचा उपाय शोधू नका. लाली आली तरी काम अडू नये, हा उद्देश आहे. लालीवरची नजर हटली की बहुतेकांची लालीही कमी होत जाते, पण तो वरचा फायदा समजा.

पायरी १ : हे लाजेमुळेच होतं ना, ते बघा

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सगळ्यांचेच चेहरे लाल असतात, आणि सावजीच्या रश्श्यानंही लाल होतात. ते सोडून द्या. लाजेची लाली लोकांची नजर वळली की काही सेकंदांत येते, चेहरा, कान, मान आणि कधी छातीच्या वरच्या भागापर्यंत पसरते, आणि काही मिनिटांत ओसरते. घरी एकटे असताना ती सहसा येत नाही. सावळ्या रंगावर ती इतरांना बहुतेकदा फारशी दिसतही नाही, पण आतून गरमी तेवढीच जाणवते आणि भीतीही तेवढीच वाटते.

याहून वेगळं काही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ किंवा घरचे डॉक्टर गाठा. गाल आणि नाक कायम लालसर, बारीक शिरा दिसतात, मुरमांसारखे फोड येतात, तर तो रोझेशिया हा त्वचेचा आजार असू शकतो. पंचेचाळिशीच्या आसपास बायकांना रात्रीही घामासकट गरम झळा येत असतील तर ते पाळी जाण्याच्या काळातलं असू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिननं, चेहरा तापतो. नियासिननं (ब-३ जीवनसत्त्वानं) आणि दारूनंही तापतो.

एक कारण मात्र आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. गोरं होण्यासाठी किंवा डागांसाठी मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं मलम. त्यांपैकी बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, उन्हात आणि चुलीसमोर भाजल्यासारखी लाल होते, आणि मलम बंद केलं की आणखी भडकते. म्हणून लोक ते पुन्हा लावतात. अशी ट्यूब घरात असेल तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

पायरी २ : लपवण्याच्या युक्त्या कागदावर उतरवा

नागपूरकरांकडे एक सोयीचं हत्यार आहे: दुपट्टा. उन्हाळ्यात गाडीवर तोंड बांधणं गरजेचंच आहे. पण डिसेंबरच्या संध्याकाळी, गाडी लावून दुकानात शिरल्यावरही तो सुटत नसेल, तर तो आता उन्हासाठी राहिलेला नाही. अशाच बाकीच्या युक्त्या: फाउंडेशनचा जाड थर, गाल झाकण्यापुरती दाढी, गळ्याशी बंद कॉलर, कोणी बोलायला आलं की मोबाइल कानाला लावणं, सभागृहात शेवटची रांग, लग्नात जेवणाच्या वेळी पोहोचून आहेर देऊन निघणं, प्रश्न येऊच नये म्हणून आपणच सलग बोलत राहणं.

आठवडाभर अशा युक्त्या लिहून काढा. यादी लांब झाली तर वाईट वाटून घेऊ नका, ती लांबच होते. प्रत्येक युक्ती दोन प्रकारे नुकसान करते. एक, प्रसंग बरा गेला की श्रेय दुपट्ट्याला मिळतं, आणि तो नसता तरी निभावलं असतं हे कधी कळतच नाही. दोन, युक्ती सांभाळण्यात अर्धं लक्ष जातं, बोलणं अडखळतं, आणि मीटिंगभर गालावर हात ठेवून बसलेल्या माणसाकडे लोक हमखास बघतात.

पायरी ३ : लक्ष चेहऱ्यावरून कामाकडे वळवायचा सराव करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी. लाजणारा माणूस समोरच्याचं बोलणं अर्धंच ऐकतो, कारण त्याचा एक कान सतत स्वतःच्या गालांकडे असतो. लाल होण्याच्या भीतीवर मानसोपचारतज्ज्ञ लक्ष वळवण्याचा सराव देतात. तो घरीही सुरू करता येतो.

आधी बिनधोक जागी. घरातल्या कोणाला तरी दोन मिनिटं काहीही सांगायला लावा, तुम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवून बसा, आणि नंतर ऐकलेलं सांगा. किती लक्ष स्वतःकडे होतं, किती सांगणाऱ्याकडे आणि किती आजूबाजूला, त्याचा शंभरपैकी अंदाज लिहा. मग समोरासमोर बसून तेच. मग सांगणाऱ्याला मुद्दाम लाजण्याबद्दलच बोलायला लावा, म्हणजे खरी परीक्षा होते.

बाहेरचा सराव चालता चालता होतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी एक फेरी फक्त आवाज ऐकत मारा, दुसरी फक्त रंग बघत. मेट्रोत बर्डीच्या (सीताबर्डीच्या) इंटरचेंजला चढणाऱ्या माणसांच्या हातात काय आहे ते टिपा. लक्ष पुन्हा गालांवर जाईल, शंभरदा जाईल. रागवायचं नाही, परत आणायचं. चेहरा गरम झाल्याचं कळलं तरी "नाही, नाही" करू नका. "झाला गरम, बरं, हा काय म्हणतोय?" इतकंच.

पायरी ४ : आधी अंदाज लिहा, मग जाऊन पडताळा

नुसतं "धीट हो" म्हणून कोणी धीट होत नाही. भीती एका वाक्यात पकडून लिहा, तीही तपासता येईल अशी. "लोकांना विचित्र वाटेल" हे तपासता येत नाही. "मी लाल झालो तर दुकानदार हसेल आणि मला नीट उत्तर देणार नाही" हे तपासता येतं. समोर त्यावर किती विश्वास आहे ते शंभरपैकी लिहा. मग युक्ती न वापरता तो प्रसंग करा आणि खरं काय झालं ते शेजारी लिहा.

सोप्यापासून अवघडाकडे जा. सुरुवात तर्री पोह्याच्या ठेल्यावर होऊ शकते: गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं "भाऊ, अजून थोडी तर्री टाका." मग गोकुळपेठ बाजारात तीन दुकानी भाव विचारून काही न घेता निघा. बर्डीवर घेतलेला सदरा बदलून मागा. ऑफिसात एक प्रश्न विचारा, उत्तर माहीत असलं तरी. नातेवाइकांच्या कार्यक्रमाला वेळेवर जा आणि मधल्या रांगेत बसा. सगळ्यात वर ते ठेवा ज्याच्या विचारानंच कान तापतात: टीमसमोर दहा मिनिटं बोलणं, किंवा मुद्दाम "मला अशा वेळी लाल व्हायला होतं" असं सांगून टाकणं.

नियम दोनच. घाबरल्याबरोबर निघून यायचं नाही, भीती जरा उतरेपर्यंत थांबायचं. आणि एक पायरी एकदा करून पुढे पळायचं नाही, कंटाळा येईपर्यंत पुन्हा करायची. उन्हाळ्यात सुरुवात करणार असाल तर सकाळची किंवा एसीतली जागा निवडा, नाहीतर चेहरा उन्हानं तापला की लाजेनं, याचाच घोळ होईल.

मोबाइलचा कॅमेराही कामाचा आहे. कोणासमोर तरी पाच मिनिटं बोला आणि ते रेकॉर्ड करा. बघण्याआधी लिहा: किती लाल दिसेन, किती अडखळेन, ते कसं दिसेल. मग अनोळखी माणसाचा व्हिडिओ समजून बघा. आतून भट्टी वाटलेला चेहरा पडद्यावर बहुतेकदा साधा गुलाबी निघतो. कधी खरंच लाल निघतो. तेव्हा पुढचा प्रश्न विचारायचा: त्यामुळे बोलणं कळलं नाही का?

पायरी ५ : "लाल झालास!"ला एक उत्तर ठरवून ठेवा

आपल्याकडे यात दुटप्पीपणाही आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी लाजली की पाहुणे खूश, तीच मुलगी पुढे क्लायंटसमोर लाल झाली की "कॉन्फिडन्स नाही". मुलगा लाजला तर "पोरीसारखा लाजते", म्हणजे एका वाक्यात दोघांचाही अपमान. यावर वाद घालायची जागा तो प्रसंग नव्हे. तिथे छोटं, सपाट उत्तर पुरतं: "हो, माझं होते असं. तर मी काय सांगत होतो..." किंवा "लवकर लाल होते मी, थोड्या वेळानं जाते. तुम्ही बोला." सफाई नाही, माफी नाही, आणि वाक्य संपताच विषयावर परत. आरशासमोर नको, एखाद्या मित्राला चिडवायला लावून त्याचा सराव करा. नेहमी चिडवणारा जवळचाच असेल तर त्याला एकटं गाठून सांगा की चारचौघांत हे बोलू नको.

पायरी ६ : रात्रीचं पोस्टमॉर्टेम बंद करा

कार्यक्रम संपल्यावर अंथरुणात पडून प्रत्येक वाक्य उकरायची सवय बहुतेक सगळ्यांना असते. त्यातून नवीन काही कळत नाही, कारण सगळे पुरावे तुमच्याच भीतीनं गोळा केलेले असतात. पायरी ४ ची वही भरा, बंद करा. पुन्हा विचार आला तर उठून काहीतरी हातानं करायचं काम घ्या.

पायरी ७ : एवढ्यानं भागत नसेल तर डॉक्टर

सहा महिन्यांहून जास्त काळ तुम्ही प्रसंग टाळत असाल, बढती नाकारली असेल, लग्नसमारंभ सोडले असतील, चार लोकांत जाण्याआधी दोन पेग लागत असतील, तर हा सामाजिक चिंतेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर पायऱ्यांची वाट बघू नका, आजच बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या शेवटच्या नावाला लोक बिचकतात. बिचकत असाल तर मेडिकलमध्ये जा, पण जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, ऑफिसात कळेल ही भीती बाळगू नका.

उपचार मुख्यतः दोन. एक, विचार आणि वागणूक बदलणारी थेरपी, म्हणजे वरच्याच पायऱ्या तज्ज्ञाच्या मदतीनं, साधारण बारा ते सोळा बैठका. दोन, एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून त्या स्वतःहून बंद करायच्या नसतात. भाषणाआधी घ्यायची प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि थरथर कमी करते, पण दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे, म्हणून मित्राच्या खिशातली घेऊ नका. झोपेच्या गटातल्या गोळ्यांची सवय लागते.

छातीतली मज्जातंतूची साखळी कापून लाली थांबवणारी एक शस्त्रक्रियाही आहे. माझं मत स्पष्ट आहे: तिच्या वाटेला लवकर जाऊ नये. ती सहसा उलटवता येत नाही, आणि त्यानंतर अनेकांना पाठ, पोट, मांड्यांवर भरपूर घाम यायला लागतो. नागपूरच्या मेमध्ये ते काय होईल, ते सांगायला नको.

ओपीडीत जाताना गर्दी आणि घाई असणार, त्यामुळे तोंडी आठवायच्या भरवशावर राहू नका. युक्त्यांची यादी, अंदाजांची वही, चालू गोळ्या आणि मलमांची नावं, आणि कशाकशाला जाणं सोडलं ते एका कागदावर लिहून न्या. बोलताना चेहरा लाल झाला तर होऊ द्या, डॉक्टरांना तेही बघायचंच असतं.