घरातल्या कुत्र्याला शेवटचा निरोप देताना

सगळ्यात आधी, जे काही ठरवायचंय ते कुत्रा अजून शेपूट हलवतोय तेव्हाच ठरवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी घरात कुणाचंच डोकं चालत नाही आणि रात्री अकराला दहनाची सोय कुठे आहे ते शोधत बसणं फार वाईट.

वेळ झाली का हे कसं कळणार? एका दिवसावरून कळत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा, बरा दिवस की वाईट. स्वतःहून उठतो का, खातो का, शी-शू पडल्या जागीच होतेय का, नुसतं पडूनही धाप लागते का, बेल वाजली तर मान तरी वर करतो का. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची एक पद्धत व्हेट लोक वापरतात, दुखणं, भूक, स्वच्छता, हालचाल अशा सात गोष्टींना 0 ते 10 मार्क द्यायचे, बेरीज 35 च्या वर गेली तर अजून ठीक चाललंय असं धरतात. मार्क घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे द्या, कारण रात्री दोनदा उठून त्याला पुसून काढणाऱ्याचे मार्क आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन लाड करणाऱ्याचे मार्क यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी तरी पुसणाऱ्याचं ऐकेन. आणि दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, ब्रुफेन अजिबात देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकते.

शांतपणे मरण देणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर व्हेटला घरी येता येईल का विचारा, दवाखान्याच्या वासानेच बरेच कुत्रे थरथरतात. पैसे, सही वगैरे आधीच उरकून घ्या. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शिरेतून भुलीचंच औषध खूप जास्त डोसमध्ये, आणि त्यानंतर बहुतेक वेळा काही मिनिटांतच संपतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होते, कधीकधी गेल्यावरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं नाहीतर पाय हलतो. तो जिवंत नसतो, त्याला काही कळत नसतं, पण हे माहीत नसलं तर माणूस हादरतो. एकाने तरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बोलत राहा, काहीही, रोजचंच. शेवटचा आवडीचा घास द्यायचा असेल तर कधी आणि किती ते व्हेटला विचारून, गुंगीत उलटी होऊ शकते. आजीला तोंडात गंगाजल घालायचं असेल तर इंजेक्शनच्या आधी, तो शुद्धीवर असताना, थेंबभर जिभेवर लावू द्या. उगाच वाद नको, तिचाही तो होताच ना.

गेल्यावर पाय पोटाशी दुमडून ठेवा, काही तासांत अंग ताठतं. खाली प्लास्टिक आणि जुनी चादर, एसी असेल तर लावा. मुंबईत मालाडला महापालिकेची गॅसवर चालणारी दहनभट्टी 2023 मध्ये सुरू झाली, बाकी शहरांत महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधीच फोन करून वेळ आणि अस्थी मिळतात का ते विचारून ठेवा. गावी पुरणार असाल तर विहिरीपासून लांब, निदान तीन-चार फूट खोल आणि सुती कापडात, प्लास्टिकमध्ये नको. इंजेक्शन दिलेलं असेल तर खड्डा खोलच हवा, कारण दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं.

लहान मुलांना गावाला पाठवला, झोपला असलं काही सांगू नका, ती रोज विचारतात कधी येणार, कधी उठणार. मेला असंच सांगा आणि रडू द्या. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला हुंगू द्या, नंतर चार दिवस तो नीट जेवला नाही तर समजून घ्या, पाणीपण पीत नसेल किंवा जेवण पूर्णच सोडलं असेल तर मात्र व्हेटकडे न्या.

महापालिकेचं लायसन्स असेल तर रद्द करा. उरलेली बंद औषधं व्हेटकडे देऊन टाका आणि डॉग फूडची पिशवी सोसायटीच्या भटक्यांना जो खायला घालतो त्याला. पट्टा, वाटी कधी काढायची ते ज्याच्याजवळ तो झोपायचा त्याला ठरवू दे.