कॉफीच्या संकरावर काम करायचं असेल तर

कॉफीच्या पैदाशीत यायचं असेल, तर आधी तीन आकडे पक्के करा. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टात गुणसूत्रं २२, अरेबिकात ४४ आणि दोघांच्या थेट संकरातून येणाऱ्या रोपात ३३. या क्षेत्रातली बरीचशी डोकेदुखी आणि बरीचशी मजा या तेहतीसमध्ये आहे.

अरेबिका मुळात दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून आलेली आहे, कॅनेफोरा (म्हणजे आपली रोबस्टा) आणि युजेनिऑइडिस. तरी तिच्या अर्धसूत्री विभाजनात (पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनात) गुणसूत्रांच्या २२ जोड्या बिनबोभाट लागतात. तेहतीसवाल्या रोपात तसं होत नाही. साधारणपणे ११ जोड्या लागतात आणि उरलेली बरीच गुणसूत्रं एकेकटी राहतात. काही ठिकाणी तीन-तीन एकत्र अडकलेली दिसतात. एकटी राहिलेली गुणसूत्रं कुठल्याही टोकाला जातात किंवा मध्येच रेंगाळतात. चार पेशींच्या टप्प्यावर त्यांची सूक्ष्मकेंद्रकं (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले छोटे ठिपके) दिसतात आणि पुढे बरेचसे परागकण रिकामे निघतात.

मग असा संकर करायचाच कशाला? तांबेऱ्यासाठी. अरेबिकाला चव आहे, रोबस्टाला प्रतिकारशक्ती. तिमोर बेटावर निसर्गानेच हा संकर जमवला आणि तोही ४४ गुणसूत्रांचा, फळणारा. त्याच्या वंशातला कॅटिमोर हा वाण आपल्याकडे ‘कावेरी’ या नावाने १९८५ मध्ये आला. कोत दिव्हुआरमध्ये वेगळी वाट धरली. आधी कोल्चिसिन (गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन) वापरून रोबस्टाची गुणसूत्रं दुप्पट केली, मग तिचा अरेबिकाशी संकर केला. त्या संकरात, म्हणजे अराबुस्टात, ४४ ची बेरीज जमली, पण विभाजनातली अनियमितता आणि कमी फळधारणा सुटली नाही. याउलट काँगेन्सिस ही कॉफीची आणखी एक जात आणि रोबस्टा दोन्ही २२ च्या. त्यांच्या संकरात जोड्या चांगल्या लागतात, म्हणून ही ‘सी×आर’ (काँगेन्सिस×रोबस्टा) मळ्यापर्यंत पोहोचली. नवख्याने सुरुवात तिच्यापासून करावी असं माझं मत आहे. नियमित विभाजन एकदा नीट पाहिलं की बिघडलेलं लगेच ओळखू येतं.

आता कळ्यांची वेळ. कामात खरी कसोटी इथेच लागते आणि पुस्तकात याबद्दल फार कमी वाचायला मिळतं. कॉफीची कळी काही मिलिमीटर वाढून कोरड्या दिवसांत थांबून राहते. मार्च-एप्रिलचा पाऊस (मळेवाले त्याला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात) किंवा तुषार सिंचनाचं पाणी मिळालं की ती जागी होते, त्यानंतरच्या दिवसांत विभाजन उरकतं आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत फुलं उमलतात. म्हणून पाऊस पडला त्या दिवसाची नोंद करा आणि दुसऱ्या दिवसापासून रोज वेगवेगळ्या मापाच्या कळ्या तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसेटिक आम्लात टाका, म्हणजे विभाजन आहे त्या टप्प्यावर थांबतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं. ही खिडकी चुकली तर पुढच्या मोहोरापर्यंत थांबणं आलं. त्या आठवड्यात घरचं लग्नकार्य असेल तर आधीच कुणाला तरी तयार करून ठेवा. कॉफीची गुणसूत्रं फार बारीक असतात, त्यामुळे स्लाइड दाबताना हात बसायला वेळ लागतो. घाई करू नका.

परागकणांची मोजणी त्या मानाने सोपी. ॲसेटोकार्मिन या रंगद्रव्यात भरलेला कण लाल होतो, पोकळ फिका राहतो. पण लाल झाला म्हणजे जिवंत आहे असं नाही. सकाळी नुकत्याच उमललेल्या फुलातले कण साखर आणि बोरिक आम्लाच्या माध्यमात टाकून परागनलिका येते का ते पाहायलाच हवं. वेगवेगळ्या झाडांची, फांद्यांची फुलं घ्या. एकाच फुलावरून टक्केवारी काढणारा अहवाल मी बाजूला ठेवते.

रोबस्टात आणखी एक फसगत होते. ती स्वतःच्या परागाने फळत नाही. पिशवी बांधून स्वपरागीकरण केलं आणि फळ धरलं नाही, तर दोष परागकणाचा नसतो, ती त्या जातीची रीतच आहे. संकरित झाडाची फळधारणा तपासताना दुसऱ्या झाडाचा पराग घालूनही बघा.

शेवटी दाणा फोडून पाहा. पराग बरा असूनही फळात पोचट दाणे निघतात, आणि शेतकऱ्याला तोच आकडा भिडतो. एस.७९५ या भारतीय अरेबिका वाणाचा वंश म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे. लिबेरिका (कॉफीची आणखी एक जात) आणि अरेबिकाच्या नैसर्गिक संकरातून एस.२६, त्यातून एस.२८८, आणि त्याचा केंट्स या अरेबिकाशी संकर करून एस.७९५. अरेबिकाकडे परत वळवणं हा बिघाड कमी करण्याचा जुना, संयमाचा मार्ग आहे.

महाराष्ट्रात कॉफी चिखलदऱ्याला आहे, पण पैदाशीचं काम शिकायला कर्नाटकात जावं लागेल. कॉफी बोर्डाची मुख्य संशोधन संस्था चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला आहे, १९२५ पासून. वनस्पतिशास्त्र किंवा कृषी वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर करताना पेशीशास्त्राचं प्रात्यक्षिक मनापासून करा, आणि जायच्या आधी कामापुरती कन्नड शिका. कुठल्या फांदीवर कळी आधी जागी होते, हे मळ्यातल्या बायकांना माहीत असतं.