बलं संतुलित की असंतुलित, आणि ग्राफ त्याबद्दल काय सांगतो: घरी करून बघून कसं समजून घ्यायचं

एक माणूस ठेला ढकलत सपाट रस्त्यावरून एकसारख्या स्पीडने चाललाय. त्या ठेल्यावरची बलं संतुलित की असंतुलित? माझ्या बहिणीचा मुलगा नववीत आहे, त्याला हे विचारलं तर लगेच म्हणाला, "असंतुलित! चालतोय ना तो, मावशी." उत्तर चुकीचं आहे, पण ही चूक इतकी नैसर्गिक आहे की मोठी माणसंही हेच सांगतात, आणि मला मनापासून वाटतं की हा एक गैरसमज निघाला ना तर बलाचा पूर्ण धडा आणि ग्राफचा पूर्ण धडा एका बैठकीत उलगडतो. शाळेत हे दोन वेगवेगळे चॅप्टर म्हणून शिकवतात, मुलं दोन्हीकडचे फॉर्म्युले पाठ करतात आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतायत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आम्ही दोघांनी इथे इंदूरमध्ये तीन-चार रविवार हे करून बघितलं, तसंच तुम्हाला सांगते.

आधी बाण काढायचे

वही-पेन घ्या, आणि ज्या वस्तूबद्दल बोलतोय फक्त तिचा एक चौकोन काढा. बाकी काही नाही, रस्ता नाही, माणूस नाही. मग त्या चौकोनावर कोण-कोण जोर लावतंय ते एकेका बाणाने दाखवा, जास्त जोर असेल तर लांब बाण, कमी असेल तर छोटा. ठेल्याला पृथ्वी खाली ओढते, रस्ता वर ढकलतो, माणूस पुढे ढकलतो, घर्षण मागे ओढतं. चार बाण. वरचा आणि खालचा सारखे, ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरले पुढचा आणि मागचा. ते सारखे असतील तर बलं संतुलित, कमी-जास्त असतील तर असंतुलित, आणि जो फरक उरतो ते निव्वळ बल.

इथे एक सांभाळा. टेबलावर पुस्तक आहे, तर पुस्तकाचं वजन खाली आणि टेबलाचा जोर वर, हे दोन्ही बाण पुस्तकावर आहेत म्हणून ते संतुलित म्हणता येतात. पुस्तक टेबलाला जे दाबतं तो बाण टेबलाचा, तो या चित्रात येतच नाही. क्रिया-प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे त्या एकमेकींना कधीच संतुलित करत नाहीत. म्हणून तर एकच चौकोन काढा असं म्हटलं.

न्यूटन किती मोठा हे हाताला कळू द्या. १०० ग्रामचा बिस्किटचा पुडा तळहातावर ठेवला की जो भार जाणवतो तो जवळजवळ १ न्यूटन. १ किलो म्हणजे ९.८ न्यूटन.

मग रद्दीचं खोकं ओढायचं

प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना, तो घ्या, शक्यतो काट्याची सुई फिरते तसला, डिजिटलवाल्यात आकडे उड्या मारतात. आम्ही ८ किलो रद्दी एका खोक्यात भरली, खोक्याला सुतळी बांधली, काटा अडकवला आणि बैठकीच्या फरशीवर हळूहळू ओढायला लागलो. अर्धा किलो, एक, दीड, दोन, खोकं जागचं हलत नाही. तरी बलं संतुलित, कारण आपण जितकं ओढतोय तितकंच घर्षण मागे ओढतंय, आपण वाढवलं की तेही वाढतं. २.६ ला खोकं एकदम सुटलं, आणि सुटल्यावर सुई मागे आली, १.९ च्या आसपास. आता खरी गंमत इथे आहे. त्याला म्हटलं, सुई १.९ वर ठेवूनच ओढत राहा, कमी नाही जास्त नाही. खोकं एकसारखं सरकत राहिलं, बैठकीच्या दारापासून बाल्कनीपर्यंत, ना जोरात ना हळू.

तो थांबला आणि म्हणाला, "मावशी, पण मी तर ओढतोय, मग याचं स्पीड वाढत का नाहीये?"

हाच तो प्रश्न. १.९ किलो म्हणजे साधारण १८.६ न्यूटन पुढे, आणि सरकत्या खोक्याचं घर्षणही तेवढंच मागे, निव्वळ बल शून्य, म्हणून स्पीड आहे तेच राहिलं. बल संतुलित म्हणजे वस्तू थांबलेली असं नाही, बल संतुलित म्हणजे वेग बदलत नाहीये. थांबलेली असेल तर थांबलेलीच राहील, चालत असेल तर त्याच वेगाने सरळ चालत राहील. मग त्याला सुई ३ वर न्यायला लावली, तर खोकं धावायलाच लागलं आणि त्याला मागे-मागे पळावं लागलं, शेवटी बाल्कनीच्या दारावर आपटला. तिथे १.१ किलो म्हणजे जवळपास ११ न्यूटन निव्वळ उरलं होतं, ८ किलोने भागलं तर त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते, १.३ ते १.४ मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि सुतळी एकदम सैल सोडली की फक्त मागचा बाण उरतो, म्हणून खोकं लगेच थांबतं.

कॅरमवर हेच उलट्या बाजूने दिसतं. पावडर न टाकता स्ट्रायकर मारा, मग पावडर टाकून तितक्याच जोराने मारा. स्ट्रायकर बोटातून सुटला की त्याला पुढे ढकलणारं कोणीच नसतं तरी तो जातो, आणि पावडर असली की जास्त लांब जातो. म्हणजे चालत राहायला बल लागत नाही, थांबायला लागतं. दोन हजार वर्षं लोक उलटं मानत होते, गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून हे धरलं आणि न्यूटनने १६८७ मध्ये नियम म्हणून छापलं, तर नववीच्या मुलाला एका दिवसात पटलं नाही तर रागावू नका.

आता ग्राफ, आणि त्यासाठी स्कूटर

ग्राफची गाडी जिथे अडकते ते म्हणजे मुलं ग्राफला रस्त्याचं चित्र समजतात. रेघ वर गेली की "चढ आला", खाली आली की "उतार". नाही. आडवी बाजू वेळ आहे, जागा नाही. म्हणून पहिलं काम, रेघ बघायच्या आधी उभ्या बाजूला काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं: अंतर की वेग? तीच आडवी रेघ अंतराच्या ग्राफमध्ये म्हणजे वस्तू उभी आहे, आणि वेगाच्या ग्राफमध्ये म्हणजे वस्तू एकसारखी धावतेय. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात.

आणि पुस्तकातला ग्राफ नको, आपला स्वतःचा बनवा. आम्ही रविवारी सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरला गेलो, रस्ता रुंद, सरळ आणि त्या वेळेला रिकामा. दोघांना हेल्मेट. मी स्कूटर चालवली, तो मागे बसून माझ्या खांद्यावरून स्पीडोमीटरचा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता, बास एवढंच. चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही आणि मागच्याने एका हाताने घट्ट धरून बसायचं. घरी येऊन पोहे-जलेबी झाली की व्हिडिओ दर २ सेकंदाला थांबवत आकडे लिहून काढले. खरे आकडे थोडे वर-खाली होते, गोल करून सांगते.

पहिले १० सेकंद: ०, ७, १४, २२, २९, ३६ किलोमीटर प्रति तास. नंतर २० सेकंद ३६ वरच. मग ब्रेक, ५ सेकंदात शून्य. आता किलोमीटर प्रति तासचे मीटर प्रति सेकंद करा, ३.६ ने भागायचं, ३६ म्हणजे बरोबर १०. ग्राफ पेपरवर खाली सेकंद, उभ्या बाजूला वेग. तीन तुकडे निघतात: चढती तिरकी रेघ, आडवी रेघ, उतरती जास्त तिरकी रेघ.

आता प्रत्येक तुकड्याखाली बाणांचा चौकोन काढा, हे काम सोडू नका, सगळा लेख यासाठीच लिहिलाय. पहिल्या तुकड्यात वेग १० सेकंदात १० ने वाढला, त्वरण १. स्कूटर अंदाजे ११० किलो, मी ६०, तो ५०, मिळून २२० किलो, किलो गुणिले त्वरण म्हणजे निव्वळ बल २२० न्यूटन पुढे. पुढचा बाण मागच्यापेक्षा लांब. मधल्या तुकड्यात रेघ आडवी, त्वरण शून्य, निव्वळ बल शून्य, तरी इंजिन चालूच आहे कारण हवा आणि टायरचं घर्षण मागे ओढतायत आणि मी अॅक्सिलरेटर बरोबर तेवढाच पिळून ठेवलाय. दोन्ही बाण सारखे. रद्दीच्या खोक्याची १.९ वाली सुई आठवा, तेच आहे हे. तिसऱ्यात ५ सेकंदात १० चा वेग गेला, त्वरण उणे २, निव्वळ बल ४४० न्यूटन मागे.

म्हणजे वेगाच्या ग्राफची रेघ जितकी जास्त तिरकी, तितकं निव्वळ बल जास्त. बल आणि ग्राफ ही एकच गोष्ट आहे ती अशी.

त्याला हे कशाने पटलं माहितीये? मी विचारलं, मागे बसून काय जाणवत होतं? म्हणाला, निघताना मागे ओढल्यासारखं झालं, ब्रेकला तर माझं हेल्मेट तुझ्या हेल्मेटला टक्कन लागलं, "आणि मधे काहीच नाही, बसलोय असंच वाटत होतं." जिथे ग्राफ तिरका तिथे अंगाला जाणवलं, जिथे आडवा तिथे काही नाही.

अंतरही याच ग्राफमधून निघतं, रेघेखालचं क्षेत्रफळ मोजायचं. पहिला त्रिकोण, अर्धे गुणिले १० गुणिले १०, ५० मीटर. मधला आयत २० गुणिले १०, २०० मीटर. शेवटचा त्रिकोण २५. एकूण २७५ मीटर. यातूनच अंतराचा ग्राफ काढून घ्या, तो वेगळाच दिसेल: २ सेकंदाला २ मीटर, ४ ला ८, ६ ला १८, ८ ला ३२, १० ला ५०, म्हणजे वर वळत जाणारी रेघ, मग २५० पर्यंत सरळ तिरकी, मग वाकत वाकत २७५ ला आडवी. या ग्राफमध्ये संतुलित बलाची खूण म्हणजे सरळ रेघ, तिरकी असली तरी चालेल, आणि रेघ वाकली की समजायचं बल असंतुलित. दोन्ही कागद एकाखाली एक चिकटवा, भिंतीवर लावा.

पावसाचा थेंब

सरावाला हा एक करून बघा. ढगातून थेंब सुटला, सुरुवातीला फक्त वजनाचा बाण खाली, वेग वाढतो. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, वरचा बाण लांब होत जातो, आणि एका वेगाला दोन्ही सारखे होतात, तिथून पुढे थेंब त्याच वेगाने पडतो. मोठा थेंब साधारण ९ मीटर प्रति सेकंदाला असा स्थिर होतो. हवा नसती तर १ किलोमीटरवरून पडलेला थेंब १४० मीटर प्रति सेकंदाने म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने डोक्यावर आला असता, श्रावणात घराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. वेगाचा ग्राफ काढा: आधी चढता, मग चढ कमी होत होत आडवा. थेंब थांबला नाहीये, बलं संतुलित झालीयेत.

शेवटचं: दोरा आणि किल्ली घेऊन मेट्रोत

मे २०२५ मध्ये आपल्याकडे इंदूरला मेट्रो सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवरूनच जाते. तिच्यात बसा आणि ३० सेंटीमीटरच्या दोऱ्याला जाडशी किल्ली बांधून समोर धरा, हात हलू देऊ नका. मागे एक पट्टी आडवी धरली तर उत्तम. गाडी निघाली की किल्ली मागे जाते, एकसारखी धावायला लागली की सरळ खाली लटकते, स्टेशन जवळ आलं की पुढे येते. ३० सेंटीमीटर दोऱ्यावर किल्ली ३ सेंटीमीटर सरकली तर त्वरण जवळजवळ १ मीटर प्रति सेकंद वर्ग, दीड सरकली तर अर्धं, हिशोब इतका सोपा आहे. दर २ सेकंदाला एकाने मोठ्याने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा.

आणि कुठे वळण आलं तर नीट बघा, किल्ली बाजूला जाते. स्पीड तेच असतं, स्पीडचा ग्राफ आडवाच राहतो, पण वेगात दिशाही धरतात, ती बदलतेय म्हणजे वेग बदलतोय आणि बल असंतुलित आहे, बाजूने. म्हणून आडवी रेघ म्हणजे संतुलित बल हे फक्त सरळ रस्त्यावर खरं. हे माझ्या भाच्याने स्वतः पकडलं, मी सांगितलं नव्हतं. घरी येऊन त्याने वहीत जुन्या वाक्यापुढे पेनने "सरळ रस्त्यावर" एवढं जोडलं, आणि मग ठेल्याचा चौकोन परत काढला, या वेळी पुढचा आणि मागचा बाण पट्टीने मोजून सारखे.